कृष्णनाथ गवसाचा उजवा हात

घटक राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी पाळी गावच्या उतारावर लक्ष्मी मेली. मेली कसली, मारली. आणि मारणाऱ्यांत आपलाही एक हात होता, हे कृष्णनाथ गवस कुणी न विचारता सांगायचा.

कृष्णनाथ दोडामार्गचा. खाणीवरून नदीवरच्या जेटीपर्यंत खनिज ओढणाऱ्या ट्रकवर ड्रायव्हर. त्या लाइनीचा एक कायदा होता. वाटेत वाहन तपासणी उभी दिसली की समोरून येणाऱ्या ट्रकला उजवा हात खिडकीबाहेर काढून पंजा खाली दाबून दाखवायचा. ज्याचे कागद नाहीत, टायर गुळगुळीत, तो मग हमरस्ता सोडून गावातल्या कच्च्या वाटेने सटकायचा. हात न दाखवणारा म्हणजे फितूर.

त्या सकाळी रिकामी गाडी घेऊन परतताना त्याने समोरून येणाऱ्या जयरामच्या ट्रकला हात दाखवला. जयरामचे ब्रेक लागत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. आपण गिअरवर गाडी थांबवतो अशी तो फुशारकी मारायचा. भरला ट्रक गावात वळला आणि उतारावर सुटला. वळणावर लक्ष्मी मासळी विकायला बसलेली. कृष्णनाथ रोज तिच्याकडे थांबे, आणि ती रोज म्हणे, ‘गवसा, हात धुवन यो, मागीर बांगड्याक लाय.’ खाणीच्या धुळीचा हात माशाला लागलेला तिला खपत नसे. चाकाखालून काढताना टोपली कुठली आणि बाई कुठली, कळेना.

गावाने जयरामला खाली ओढून रक्त ओकेपर्यंत हाणला, ट्रकचे टायर पेटवले. राज्य होण्याआधीच्या भाषेच्या भांडणात रस्ते पेटवून सवय झालीच होती. पण जामिनावर सुटून महिन्याभरात तो परत स्टेअरिंगवर. ट्रकला रंग नवा, ब्रेक तेच.

कृष्णनाथने मात्र हात दाखवणं बंद केलं. जयराम परतला त्या पहिल्याच आठवड्यात खूण न मिळाल्याने तपासणीत सापडला, ट्रक चार दिवस अडकला. पाचव्या दिवशी भर दुपारी गॅरेजमागे जयराम आणि लाइनीवरचाच दुसरा ड्रायव्हर गोकुळदास यांनी कृष्णनाथला धरला.

‘हात खंय गेलो तुझो?’ जयरामने विचारलं.

‘स्टेअरिंगार आसा.’

गोकुळदासने त्याचं मनगट मडगार्डवर दाबून धरलं आणि जयरामने चाकाचा पाना तीनदा मारला. दोन बोटं कायमची वाकडी झाली. बायको रत्ना म्हणाली, गावाक जाऊया. तो म्हणाला, तो उतार बंद झाल्याबगर नाय.

प्लास्टर निघालं. पुन्हा त्याच जागी तपासणी लागली. आपली गाडी तपासून घेऊन पुढे निघालेल्या कृष्णनाथने पाहिलं, पुढच्या ट्रकमधल्या गोकुळदासने खिडकीतून पंजा दाबला. समोरून जयराम येत होता, भरलेला. कृष्णनाथने रिकामा ट्रक कच्च्या वाटेच्या तोंडावर आडवा घातला आणि आत बसून राहिला.

जयरामने वळवला, गिअर मोडेस्तोवर ओढला, तरी बंपर दरवाजात घुसला. काच कृष्णनाथच्या तोंडावर फुटली. जयराम पाना घेऊन धावत आला. फुटक्या खिडकीतून कृष्णनाथने वाकड्या बोटांनी त्याचं बखोट धरलं आणि कपाळ दरवाजावर आपटलं. पाना पडला तरी तो आपटतच राहिला.

आवाज ऐकून तपासणीवाले पळत आले. साहेबाने आधी कागद मागितले ते कृष्णनाथचे. त्याने रक्ताळलेल्या हाताने सगळे दिले.

‘साहेब, आता ह्येचो ब्रेक दाबून बघा.’

साहेब जयरामच्या ट्रकवर चढला, पाय ठेवला. पेडल सरळ फळीला टेकलं.

खाली उतरून त्याने त्या ट्रकची चावी आपल्या खिशात टाकली.