आप्पांनी केलेली संगणकाची पेटी

उचगावच्या आप्पा सुतारांचा कशावरच विश्वास नव्हता. शहरातल्या कॅम्प भागात असलेल्या आमच्या घरी ते पहिल्यांदा आले, तेव्हा नमस्काराआधी त्यांनी दाराची चौकट बोटाच्या पेराने तीन ठिकाणी ठोकून पाहिली आणि मगच उंबरा ओलांडला.

"खालनं पोकळ झालीया. कुणी बसवली ही?"

बसवणारा माणूस वारून बरीच वर्षं झाली, असं मी सांगितलं.

"म्हंजे आता इचारायची बी सोय न्हाय," असं म्हणून त्यांनी माझ्याकडेच संशयाने पाहिलं.

आमचे हे गेल्यावर त्यांच्या दोन वस्तूंचं काय करावं ते मला कळत नव्हतं. एक त्यांचा संगणक. त्याचा पत्र्याचा डबा गंजून गेला होता, पण आतलं सगळं चालू होतं. दुसरं त्यांचं लिहायचं टेबल. निपाणीच्या शाळेत लागले तेव्हा घेतलेलं. पाय वाळवीने खाल्ले होते, वरची सागवानी फळी मात्र धड होती. वर्षानुवर्षं कोपरं टेकून तिला गुळासारखा काळसर रंग चढला होता. त्या फळीची पेटी करावी आणि संगणक तिच्यात बसवावा, असं माझ्या मनात आलं. माझी सगळी नोकरी ग्रंथालयात गेलेली; मी इंटरनेटवरून मापं शोधली आणि सुवाच्य अक्षरात कागदावर उतरवून ठेवली.

आप्पांनी तो कागद उजेडात धरला.

"बाई, ही मापं कुणी घेतली?"

"कंपनीनं दिलीत."

"कंपनीनं तुमचा कंप्यूटर बगितलाय व्हय?"

कागद घडी होऊन माझ्या हातात परत आला. त्यांनी डबा उघडायला लावला आणि पिशवीतून एक सपाट लाकडी पट्टी काढली. तिच्यावर आकडे नव्हते. आतला प्रत्येक भाग पट्टीला लावून ते पेन्सिलीने खुणा करत गेले. स्क्रूची भोकं मात्र मोजायची होती. ती त्यांनी आधी कानडीत मोजली, मग मराठीत. दोन्ही जुळल्यावरच पुढे सरकले. असं दोनदा का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "एक भाषा फशीवंल. दोगी मिळून फशीवणार न्हाईत."

संगणकावर तर त्यांचा फारच राग. चालू करायला लावून त्यांनी त्याच्या मागे हात धरला. "हे तापतंय की! आन् तुमी ह्याला लाकडात कोंडाय निघालाय." मग त्यांनी उदबत्ती मागितली. यंत्राची पूजा करणार असावेत, असं वाटून मी पदर सावरून उभी राहिले. आप्पांनी उदबत्ती डब्याभोवती हळूहळू फिरवली. धूर एका बाजूने आत ओढला जात होता आणि मागून बाहेर फेकला जात होता. जिथे ओढला तिथे एक खूण, जिथे फेकला तिथे दुसरी. पेटीला वाऱ्याच्या फटी कुठे ठेवायच्या, ते असं ठरलं.

इथपर्यंत मला त्यांच्या संशयाची गंमत वाटत होती. फळी उचगावला गेली आणि माझा सुरू झाला. "अहो, जुनं सागवान असं कुणाच्या हाती देतात का?" असं शेजारच्या बाई सहज बोलल्या, आणि ते वाक्य डोक्यातून जाईना. पंधरा दिवसांनी मी न कळवता बसने उचगावला गेले.

पेटी अर्धी जोडलेली होती. फिकट पिवळी, कुठे हिरवट छटेची. काळी फळी कुठेच दिसत नव्हती.

"आप्पा, ही आमची फळी नव्हे."

रंधा थांबला. "न्हवं?"

"आमची काळी होती."

"काळं ते वरवरचं असतंय, बाई. रंधा मारल्याबिगर सांधा बसत न्हाय. आत पिवळंच निगतंय. उजेड लागला की रंग धरंल."

"किती दिवसांनी?"

"ते त्येचं त्येला ठावं."

फसवणारा माणूस नेमकं असंच बोलेल, असं मला वाटलं. मी रंध्याची काळी सालपटं दाखवा म्हटलं.

"आक्कानं चुलीत घातली."

"पाणी तापलं की त्येच्यावर!" आतून त्यांच्या बायकोचा, आक्कांचा, आवाज आला.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "पुरावा चुलीतच जाणार."

माझ्या तोंडून हे गेलं. आप्पा चिडले नाहीत. रंध्यावरचा भुसा झटकून म्हणाले, "बरं केलं बोललासा. मी बी ह्येच बोललो असतो." आणि कामाला लागले. मला त्या शांतपणाचाही संशय आला.

पेटी घरी आली. एक खिळा नाही. कोपऱ्यांत लाकडाची बोटं एकमेकांत गुंतवलेली. संगणक तासन्‌तास चालला तरी तापला नाही. पण तो परका पिवळा रंग मला बघवेना. मी तिच्यावर एक भरतकामाचं कापड घातलं. वरची बाजू आणि दोन्ही अंगं अर्ध्यापर्यंत झाकली गेली. फटी उघड्या ठेवल्या, एवढंच.

कापड धुवायला म्हणून काढलं ते वैशाखात. पेटीवर सरळ रेघ पडली होती. रेघेच्या वर लाकूड अजून पिवळं होतं. खाली, जिथे खिडकीचा उजेड पोचत होता, तिथे ते गुळासारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी उचगावला गेले. आप्पा खाटेवर होते. एक अंग लुळं पडलेलं, बोलणं जड.

"आप्पा, माझी चूक झाली. फळी आमचीच होती."

"कशावरनं?"

मी रेघेचं सांगितलं.

"उजेडात फणसाचं लाकूड बी रंगतंय. त्येनं काय ठरतंय?"

"अवो, बाई माफी मागाय आल्याती," आक्का म्हणाल्या, "घ्या की गप!"

"तू थांब गं." त्यांनी नजर माझ्यावरून काढली नाही. "कशावरनं, बाई?"

मी शोधलं. माझ्यापाशी कसलाच पुरावा नव्हता.

"तुम्ही सांगितलंत, म्हणून."

"एवड्यावरच?"

"एवढ्यावरच."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुखण्याचं की आणखी कशाचं, ते मला सांगता येणार नाही. मग म्हणाले, "ते कापाड काडून टाका. सगळीकडनं सारका रंग येऊ दे."

पुढच्या आठवड्यात आप्पा गेले.

कापड मी पुन्हा घातलं नाही. रोज सकाळी खिडकीचा पडदा पुरता सरकवते, पेटीच्या वरच्या बाजूवर उजेड येईल असा. ती रेघ अजून पुरती गेलेली नाही.