स्टिक हातातून सुटेना

आधीच सांगून ठेवतो, मी भूतबित मानणारा माणूस नाही. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या दारावर लिंबू-मिरची लागली नाही. अंगात येणाऱ्या बाईची मी तोंडावर थट्टा केलेली आहे. तरी हे लिहून राह्यलो... कारण पोटात ठेवून ठेवून आता जीव कोंडतो.

आर्णीत माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. शेतातले पंप जळाले की लोक माझ्याकडे आणतात. माझा दिग्रसचा साळा गिरीश, त्याला विमानं उडवायच्या सिम्युलेटरचं वेड. त्यानं त्याची जुनी जॉयस्टिक मला दिली, टेबलाला क्लॅम्पनं आवळून दिली. पण आयुष्यभर पाना धरलेला हात माझा! स्टिकही मुठीत आवळायचो अन् विमान बेडकासारखं वर-खाली. गिरीश फोनवर ओरडायचा, "भाऊजी, तो काय पाना हाये का? दोन बोटानं धरा! नाक खाली जाऊन राह्यलं तर जरा वढून धरा, मंग ट्रिम द्या. वजन ट्रिमवर गेलं की हात मोकळा."

ट्रिम म्हणजे शेपटीकडची एक पट्टी. कीबोर्डचं बटण दाबत दाबत ती नीट बसवली की स्टिक सोडली तरी विमान सरळ जातं.

एप्रिलमधला रविवार, दुपारचे तीन. बायको माहेरी गेलती. घरात मी अन् पाच वर्षांची माझी सानू. चार दिवसांनी नळ आलता, म्हणून अंगणातलं जमिनीतलं टाकं काठोकाठ भरून घेतलं, पाइप काढला... अन् झाकण लावायचं राहिलं. माझ्याच हातून. सानू अंगणात वाटी-चमचा घेऊन खेळत होती. म्हटलं, दहा मिनिटं उडवून घेऊ.

विमान जरा स्थिर झालं अन् एकदम स्टिक पुढे ओढली गेली. तुरीचं अर्धं पोतं एका हातानं तोलून धरावं, एवढी जड! स्क्रीनवर जमीनच जमीन. मी मागे ओढली, ट्रिम दिला, अजून दिला, पार शेवटापर्यंत दिला. वजन काही उतरेना. वैतागून सोडायला गेलो तर बोटंच उघडेनात.

तेव्हा झाकण आठवलं.

"सानू!" उत्तर नाही. "सानू बेटा!" अंगणात चिडीचूप. अरे बाप रे... माझी काय हालत झाली, सांगता येत नाही. डाव्या हातानं एकेक बोट उचकटून पाहिलं. स्टिकची वायर उपटून फेकली, तरी ओढ तशीच. रडलो, शिव्या दिल्या. दार पाच पावलांवर होतं अन् मी त्या टेबलाशी खुंट्याला बांधल्यासारखा. शेवटी टेबलाला पाय लावून हात सोडवायला सगळ्या अंगानिशी मागे झटका मारला. ओढ अचानक सरली अन् मी खुर्चीसकट उताणा पडलो.

धावत अंगणात गेलो. सानू टाक्याच्या काठावर बसलेली, केसांपासून पायापर्यंत चिंब, खोकत होती. मी तिला छातीशी धरलं तर मलाच म्हणते, "पप्पा, तुमी मले वढलं, मंग पळून कायले गेलते?"

टाक्यात मोठ्या माणसाच्या छातीएवढं पाणी, आतून वर चढायला पायरी नाही. तिला उचलेपर्यंत माझ्या शर्टाच्या बाह्या कोरड्या खट होत्या.

बायको म्हणते, "तुमीच काढलं असंल, घाबरल्यामुळं आठवत नसंल." गिरीशनं तर विषयच बदलला. मी जॉयस्टिक खोलून पाहिली. आत स्प्रिंगा अन् चार तारा. ओढ लावणारी मोटार त्यात नाहीच, हे माझ्याइतकं कोण सांगणार? कुणाला याचा अर्थ लागला तर सांगा, मला लागलेला नाही.

सानू आल्या-गेल्याला सांगते, "माह्या पप्पानं मले वढून काढलं." लोक माझी पाठ थोपटतात, मी मान हलवतो. तिला कसं सांगू... त्या सगळ्या वेळात मी जिवाच्या आकांतानं हात सोडवायच्याच मागे होतो.