यमाईच्या पायऱ्यांचं प्रकरण

प्रुफं समोर ठेवली की बाई आधी चष्मा काढायच्या, डोळे मिटायच्या आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणायच्या. मी संगणकासमोर गप्प बसून राहायचो. मग डोळे उघडून चष्मा लावत त्या म्हणायच्या, "हं, झाली प्रार्थना. आता भांडू या."

आणि आम्ही मनसोक्त भांडायचो. सांगलीत माझा अक्षरजुळणीचा छोटा गाळा आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका असली कामं जास्त. कथा घेऊन येणारं माणूस क्वचितच. बाई कोरेगावकडच्या प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान वारल्यावर त्या इथं मुलाकडं राहायला आल्या. मुलाचं कुपवाडला लेथचं वर्कशॉप. दारातूनच त्या "सलाम" म्हणायच्या, त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत म्हणतात तसं, आणि मीही हळूहळू "सलाम बाई" म्हणायला लागलो.

भांडण बहुतेक वेळा एकाच गोष्टीवरून असायचं. त्यांच्या पात्रांचं 'न्हाई' आणि 'हाय' मला खटकायचं. मी म्हणायचो, निदान कुठंतरी शुद्ध ठेवू. त्या हलायच्या नाहीत. "माझी माणसं अशीच बोलतात, आणि माझ्या देवालाही तेवढंच कळतं. त्याला कुठं पुण्याला शिकायला पाठवलंय?"

मी जैन घरातला. सूर्यास्ताआधी जेवायला घरी पळणारा. त्यांना ते ठाऊक होतं. पाच वाजून गेले की त्या स्वतःच कागद गोळा करायच्या. नाताळात माझ्यासाठी करंज्या यायच्या, त्यांच्या डब्यावर माझं नाव लिहिलेलं असायचं आणि खाली 'यात अंडं नाही, शपथ'. मी एकदा विचारलं, लिहिणं म्हणजे तुम्हाला प्रार्थनेसारखंच वाटत असेल. बाईंनी मान हलवली. म्हणाल्या, "नाही भाऊ. प्रार्थनेत मी मागते. लिहिताना जाब विचारते."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना कुठल्या कप्प्यात टाकावं हे कुणालाच ठरवता येत नाही आणि त्यामुळं सगळ्यांचीच पंचाईत होते. एका संमेलनात बाईंनी कथा वाचली. चहाच्या वेळी अध्यक्ष जवळ आले आणि अगदी प्रेमानं विचारते झाले, "तुम्ही मूळच्या कोण?"

बाई म्हणाल्या, "कोरेगावची."

"तसं नव्हे हो."

"मग कसं?" बाईंनी विचारलं. अध्यक्षांनी बिस्किट चहात बुडवलं आणि ते तिथंच राहिलं.

आणखी एका अंकाच्या संपादकांना बाईंकडून नाताळसाठी 'तुमच्या समाजाचं काहीतरी' हवं होतं. बाईंनी उसाच्या फडावरची कथा पाठवली. ती परत आली, यात ख्रिस्ती असं काही नाही म्हणून. बाईंनी फोन केला आणि शांतपणे विचारलं, ऊस ख्रिस्ती आहे की नाही हे तुम्ही कशावरून ओळखता? बाईंच्या वडिलांनी आयुष्यभर तोच ऊस तोडला होता.

पण मला सांगायचंय ते त्यांच्या शेवटच्या पुस्तकाबद्दल. ते त्यांच्या आईवर होतं. आईवडिलांनी तरुणपणी बाप्तिस्मा घेतला. आईची थोरली बहीण मात्र जुन्याच घरात, जुन्याच देवांत राहिली. बहिणींचं येणंजाणं तुटलं नाही. थोरलीची मुलगी एकदा तापानं फणफणली, तेव्हा थोरलीनं औंधच्या यमाईला ओटी बोलली. मुलगी उठली, पण पाठोपाठ थोरलीनंच अंथरूण धरलं. नवस राहिला म्हणून ती रोज रडायची. शेवटी बाईंच्या आईनं खण-नारळ घेतला, छोट्या बाईंना बोटाला धरलं, एस.टी.नं औंध गाठलं आणि डोंगराच्या सगळ्या पायऱ्या चढून देवीची ओटी भरली. भरताना देवीशी चार शब्दही बोलली. पुढच्या रविवारी ती नेहमीसारखी उपासनेला गेली आणि घडलेलं कुणापासून लपवलं नाही.

हे एक प्रकरण. बाकीच्या पुस्तकात आईचं शेणकूट, आईची गाणी, आईचा तापट स्वभाव. सगळ्यांचं लक्ष मात्र या एकाच प्रकरणाकडं गेलं.

बाईंचे थोरले बंधू सांगलीतच राहतात. मंडळीचे पंच, करडी शिस्त, इस्त्रीचा पांढरा शर्ट. पुस्तकाचं प्रकाशन चर्चशेजारच्या सभागृहात व्हायचं ठरलं होतं. बंधूंनी छापण्याआधी वाचायला मागितलं आणि तिसऱ्या दिवशी ते थेट माझ्या गाळ्यात आले. बाई प्रुफं बघत होत्या. बंधूंनी मला नमस्कार केला आणि बहिणीला सांगितलं, औंधचं प्रकरण काढ.

बाईंनी का म्हणून विचारलं. आई मूर्तीपुढं गेली हे लोकांनी वाचलं तर काय म्हणतील, असं त्यांचं म्हणणं. शिवाय तू लहान होतीस, तुला नीट आठवत नसेल.

"दादा, मला त्या नारळाची शेंडीसुद्धा आठवते."

"आईची अब्रू घालवतीयस तू."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तिनं लपवलं नाही, दादा. तिनं भर मंडळीत सांगितलं आणि वर मान करून बसली. आता तिच्यासाठी मी लाजू?"

बंधू उठले. जाताना एवढंच म्हणाले, की मग चर्चचं सभागृह मिळायचं नाही. मी कामाचा आव आणून मान खाली घातली होती. ते गेल्यावर बाईंनी पेन पुन्हा उचललं. त्यांनी पाणी मागितलं, प्यायल्या आणि म्हणाल्या, "पान सत्तेचाळीस. वेलांटी चुकलीय."

त्याच आठवड्यात दुसरी तऱ्हा. एका पुरवणीच्या संपादकाला नेमकं हेच प्रकरण हवं होतं, अगदी मोठं छापायला. मथळा त्यानं आधीच करून ठेवलेला: 'अखेर आईच्या चरणी परतली'. त्यानं तो फोनवर वाचून दाखवला, बाईंनी पूर्ण ऐकून घेतला. मग म्हणाल्या, की आई कुठंही परतली नव्हती, ती बहिणीसाठी गेली होती, एवढं साधं वाक्य मथळ्यात बसत असेल तर छापा. बसलं नाही. फोन ठेवून माझ्याकडं वळल्या. "बघा भाऊ. एकाला ते पान फाडायचंय, दुसऱ्याला त्याचा झेंडा करायचाय. वाचायचं मात्र कुणालाच नाही."

प्रकाशन झालं कुपवाडला, मुलाच्या वर्कशॉपमध्ये. यंत्रांवर ताडपत्र्या टाकल्या होत्या तरी तेलाचा वास येतच होता. कामगार हात घासून घासून धुऊन आले होते. मी होतो, शाळेतल्या दोघी-तिघी जुन्या सहकारी होत्या, मंडळीतली चार धीट माणसं होती. बंधू नव्हते. पुस्तकावर गुंडाळलेला कागद सोडायला बाईंनी कुणा साहित्यिकाला बोलावलं नव्हतं. कोरेगावहून त्यांची मावसबहीण आली होती, नऊवारी लुगडं, कपाळभर कुंकू. तिला वाचता येत नव्हतं. तिनं कागद सोडला, पुस्तक उलटं धरलं, कुणीतरी सुलटं करून दिलं. बोला म्हटल्यावर ती उभी राहिली.

"ज्या पोरीचा नवस व्हता, ती मीच," ती म्हणाली. "मावशी माज्यासाठी चढली. तिचा धर्म कंचा व्हता ते मला कवा इचारायचं सुचलंच न्हाई." आणि खाली बसली. बाई मोठ्यानं हसल्या, मग त्यांनी पदर तोंडाला लावला.

त्यानंतर दोन वर्षं बंधू त्यांच्या घरी आले नाहीत. बाई मात्र दर रविवारी चर्चला जायच्या आणि बंधूंच्या शेजारीच बसायच्या. मुलगा म्हणायचा, मागं बस ना आई, कशाला डिवचतीस? त्यांचं उत्तर ठरलेलं. "सभागृह त्यांचं असेल. बाक माझा आहे." आईबरोबर दोघं भावंडं लहानपणी अशीच शेजारी बसायची म्हणे. बोलणं नाही, बघणं नाही. पण गीतपुस्तक दोघांत एकच. एक कड बंधू धरायचे, एक बाई. हे मला त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव होता.

गेल्या उन्हाळ्यात बाई गेल्या. सकाळी लिहायला बसल्या होत्या, तिथंच.

चर्चमध्ये मी पहिल्यांदाच आत गेलो. मागच्या बाकावर कोरेगावची मावसबहीण माझ्या शेजारी. गाणी झाली, पाळकांनी सांत्वनाचे शब्द सांगितले आणि शास्त्रवाचनासाठी बंधूंना पुढं बोलावलं. ते हळूहळू गेले. त्यांनी पवित्र शास्त्र उघडून स्तोत्र वाचलं. मग खाली बसले नाहीत. शर्टाच्या आतून त्यांनी बाईंचं पुस्तक काढलं. पाळकांनी मान वर केली.

"हे मला पटत नाही," बंधू म्हणाले. "तिला मी सांगितलं होतं, आजही पटत नाही. पण ती माझी बहीण आहे, आणि हे तिनं लिहिलंय. मी वाचणार."

आणि त्यांनी औंधचं प्रकरण वाचायला घेतलं. सुरुवातीला रागानं, शब्द तोडत तोडत. एस.टी., खण-नारळ, पायऱ्या. आई देवीसमोर उभी राहते तिथं आले आणि थांबले. पुढचं आईच्या तोंडचं होतं, आणि ते शुद्ध करून वाचायची सोय बाईंनी ठेवलेली नव्हती. पुन्हा वाचायला लागले तेव्हा आवाज पंचांचा राहिला नव्हता, कोरेगावकडच्या घरातला झाला होता.

"'माजी अक्का आजारी हाय. तिला चढवत न्हाई, म्हणून मी आलीया. माजा देव येगळा हाय. त्येला सांगून आलीया.'"

त्यांनी पुस्तक मिटलं. यावर आमेन म्हणायचं असतं की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. पाळकही खाली बघत होते. तेव्हा माझ्या शेजारी मावसबहिणीनं पदर डोक्यावर सारखा केला आणि इथली रीत असेल तशी असो म्हणून खणखणीत आवाजात म्हणाली,

"आमेन."

मग सगळे म्हणाले.