भैरोबाची भागीदारी

आमच्या आतोबांइतका घाबरट माणूस साऱ्या कुलाबा जिल्ह्यात झाला नाही आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. नागावला त्यांची नारळी-पोफळीची वाडी होती, आणि स्वतःच्याच वाडीतून हा मालक डोक्यावर जेवायचा पाट उलटा धरून फिरायचा, कारण नारळ कधी पडेल याचा नेम नाही. घरापुढे समुद्र, म्हणून ओटीवरची त्यांची खुर्ची कायम समुद्राकडे पाठ करून मांडलेली. टपालवाला फाटकाशी दिसला की आतोबा गोठ्यात शिरत. तिथून “घरी नाहीत म्हणून सांग गं!” असं इतक्या जोरात ओरडत, की टपालवालाच उत्तर द्यायचा, “बरं दादा, आल्यावर वाचा मंग!” आणि एखाद्या दिवशी काहीच वाईट घडलं नाही तर ते जास्तच अस्वस्थ होत. “आज सगळं ठीक झालंय, मला हे लक्षण बरं दिसत नाही,” असं म्हणत येरझाऱ्या घालत. आत्या म्हणायची, “थांबा, आमटी करपवते, म्हणजे निवांत झोपाल.”

समुद्राच्या भीतीला मात्र आम्ही कोणी हसत नसू. त्यांचे वडील मुंबईहून पडावात बसून निघाले ते घरी पोचलेच नाहीत. तेव्हा धाकटा भाऊ दत्तू पाळण्यात होता. आईही पाठोपाठ गेली, आणि आतोबांनी त्याला वाढवला, आपल्या पाटाखाली धरूनच म्हणा ना. एवढ्या पहाऱ्यात वाढलेला मुलगा निर्भय निघाला यात नवल नाही. एके दिवशी तो आगबोटीवर कारकून म्हणून चढला आणि पृथ्वीच्या पार पलीकडे, वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद नावाच्या बेटावर उतरून तिथेच राहिला. उसाच्या मळ्यांवर मजुरीला नेलेली आपल्याकडची माणसं तिथे पुष्कळ. त्यांना हळद, मसाले, पितळेची भांडी विकणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे त्याने नोकरी धरली, आणि काही वर्षांनी स्वतःचं दुकान काढायचं ठरवलं. त्यासाठी तिथल्या सरकारात धंद्याची नोंदणी करायची होती. दत्तूचा हट्ट एकच: दुकान दोघा भावांच्या नावावर आणि दादांचं नाव आधी, नाहीतर दुकानच नको. आतोबांनी अलिबागला मॅजिस्ट्रेटपुढे सही करून कागद परत पाठवायचे, एवढंच काम होतं.

मी तेव्हा अलिबागला एका वकिलांकडे उमेदवारी करत होतो, त्यामुळे ते माझ्या गळ्यात पडलं. भागीदार धंद्याच्या बऱ्यावाईटाला जबाबदार राहील, असं कागदात होतं. ते मी मराठीत सांगितलं आणि फसलो. दत्तूच्या हळदीने तिथे कोणाचं पोट दुखलं तर शिपाई नागावला येईल का? दुकानाला आग लागली तर विझवायला जावं लागेल का? तिथला राजा कोण, आणि तो तापट आहे का? राजा इंग्रजांचाच, आपला तोच, असं सांगितल्यावर ते पांढरेफटक पडले. “म्हणजे पत्ता शोधायला वेळच लागायचा नाही!” असे महिने गेले. सारखं ऐकून मलाही कागदाला हात लावताना धाकधूक होऊ लागली.

मग एकदा ते स्वतःच आनंदाने सांगत आले की काम झालं, कागद टपालात पडला. शाळामास्तरांकडून त्यांनी तो भरून घेतला होता. भागीदार कोण? श्री भैरोबा, ग्रामदैवत, मुक्काम नागाव. मी कपाळाला हात लावला. “का, काय चुकलं?” आतोबा म्हणाले, “देवाची जमीन देवाच्या नावावर असते, देव कोर्टात वादी होतो, हे तूच सांगितलंस ना?”

कागद अर्थातच परत आला. भागीदाराचं वय लिहावं, आणखी काही व्यवसाय असल्यास कळवावा, आणि भागीदाराने स्वहस्ते सही करावी. सोबत दत्तूचं पत्र होतं. व्यापाऱ्याला नव्या दुकानाची कुणकुण लागली होती आणि त्याने दत्तूला कामावरून काढलं होतं. आता दुकान उघडलं नाही तर परमुलखात खायचे वांधे. ते ऐकताच मला घेऊन आतोबा भैरोबाच्या देवळात गेले आणि गुरवाला देवाचं वय विचारलं.

“ते मला ठावं न्हाय दादा,” गुरव म्हणाला, “आन् देव सही करीत न्हाय. तुम्हीच करा.”

आतोबांनी कौल लावायला सांगितला. देवाच्या अंगावर ओली फुलं लावली, आणि सही करू का म्हणून विचारलं. उजवं फूल पडलं. म्हणजे कर. त्यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा उजवंच. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, “दत्तू परत येईल का?” आणि फूल पडायच्या आत पाठ फिरवून ते देवळाबाहेर आले.

पायरीवर बसून ते म्हणाले, “भैरोबा भागीदार असता तर पोराला वर्षातून एकदा देवाच्या पालखीला तरी यावं लागलं असतं रे. आता नोंद झाली की तो तिकडचाच झाला.” इतके दिवस मी त्यांच्या हळदीला आणि आगीला हसत होतो, आणि हा माणूस भीत होता ते भलत्याच गोष्टीला.

दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटनी विचारलं, “राजीखुशीने सही करता ना?”

“नाही,” आतोबा म्हणाले, “पण करतो.”

साहेबांनी मान वर केली. “कोणी धाक घातलाय?”

“कोणी नाही साहेब. मी जन्माचाच असा आहे.”

साहेबांनी दौत पुढे सरकवली. आतोबांनी टाक तीनदा बुडवला आणि तीनदा झटकला. पण सही झाली, पूर्ण नावानिशी.

दुकान छान चाललं. पाटीचा फोटोही आला, दादांचं नाव आधी. पाटीखाली उभा असलेला दत्तू अंगाने भरला होता. सही केल्याच्या दुसऱ्या दिवसापासून आतोबांची ओटीवरची खुर्ची समुद्राकडे तोंड करून होती. उधाण आलं की ते खुर्चीचे हात घट्ट धरून, डोळे मिटून बसत, पण उठत नसत. मी एकदा विचारलं, “आता भीती नाही वाटत?”

“वाटते की,” ते म्हणाले, “पण आला तर याच बाजूने येणार ना तो? मी पाठ करून बसलेला दिसलो तर पोराला काय वाटेल?”

दत्तू पुढच्या वर्षी येतो म्हणून दर वर्षी लिहायचा. आतोबा गेल्यावरही आत्या ओटीचा केर काढायला ती खुर्ची उचलायची, आणि काढून झाला की पुन्हा समुद्राकडेच वळवून ठेवायची.