फेब्रुवारीचे आठ दिवस

वॉर्डातल्या बावीस सिस्टरांची आणि सहा मावश्यांची ड्यूटी लावायचं काम मोठ्या सिस्टरांकडे होतं, आणि एकोणीस वर्षं ते त्या एकट्यानं करत होत्या. ड्यूटी महिन्याच्या महिन्याला लागते. रजेचा तक्ता मात्र डिसेंबर संपायच्या आत सगळ्या वर्षाचा एकदम करायचा, ही त्यांची स्वतःची पद्धत. कपडे बदलायच्या खोलीत एक टेबल, सोळा लॉकर आणि कधीच पुरता बंद न होणारा एक नळ होता. त्या टेबलावर त्या आलेखाच्या कागदाचे चार ताव चिकटवून पसरत. डावीकडे माणसं, वरच्या ओळीत आठवडे. मग तीन दिवस त्या खोलीत कोणी मोठ्यानं शिंकायचंही नाही.

बाकीच्या वॉर्डांत जो मागेल त्याला रजा मिळते, म्हणजे खरं तर जो आरडाओरडा करेल त्याला मिळते. इथं तसं चालत नसे. येत्या वर्षात तुला स्वतःसाठी काय करायचंय आणि त्याला कोणते दिवस लागतील, अशी चिठ्ठी प्रत्येकीनं द्यायची. नुसतं 'रजा हवी' असं लिहिलेली चिठ्ठी मोठ्या सिस्टर परत करत.

"रजा कोणाला नको असते? कशाला हवी ते लिही, म्हणजे मेट्रनबाईंपुढं तोंड उघडता येतं मला."

त्यामुळे वर्षाच्या अखेरीस साऱ्या वॉर्डाचे मनसुबे त्यांच्या खिशात गोळा होत. एकीला गाडी चालवायला शिकायची होती. एकीला वरची परीक्षा द्यायची होती, चौथ्यांदा. एका मावशीनं दुसरीकडून लिहून घेतलं होतं, 'दर रविवारी आठ वाजेपर्यंत झोपणार,' आणि त्याखाली, 'हे घरी कळवू नये.' मोठ्या सिस्टर वाचून हसत, पण कोणाची थट्टा करत नसत आणि सगळ्यांचं जमवून देत. कसं जमवतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त कोणी बोलत नव्हतं. जिथं माणूस कमी पडेल त्या चौकोनात त्या बदली म्हणून, पाळीसकट, स्वतःचं नाव घालत. आयतं मिळतंय म्हटल्यावर कोण कशाला तोंड उघडतंय!

त्यांचीही एक चिठ्ठी असे. पाच वर्षं तीच. 'अक्काकडे आठ दिवस. फेब्रुवारी.'

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली. तेव्हापासून तापात उशाशी बसण्यापासून ते नर्सिंगचा फॉर्म भरण्यापर्यंत धाकटीचं सगळं अक्कानंच केलं होतं. आता सत्तरी ओलांडलेली अक्का दिवसभराच्या प्रवासावरच्या एका गावात, दोन खोल्यांत एकटी राहत होती. फेब्रुवारी तिनंच सुचवला होता, तेव्हा तिकडे हवा छान असते म्हणून. आणि पाचही वर्षं ऐन फेब्रुवारीत वॉर्डात कोणी ना कोणी आजारी पडलं, कोणी बाळंत झालं, कोणाचं लग्न ठरलं. मोठ्या सिस्टर फोन करून म्हणत, "अक्का, यंदाही नाही गं जमत." अक्का म्हणे, "अगं, तुझं काम माणसांचं. मी कुठं पळून जातेय?" हे वाक्य इतकं सोयीचं होतं, की मोठ्या सिस्टरांनी त्याच्या आत कधी डोकावूनच पाहिलं नाही.

यंदा तक्ता पुरा झाला तेव्हा त्या पाठ ताणत समाधानानं उठल्या. एकही चिठ्ठी परत गेली नव्हती. पडताळणीला त्यांनी सगळ्यात नव्या सिस्टरला बसवलं. तिला सगळ्या भिंगरी म्हणत. एका जागी दोन मिनिटं टिकत नसे, पण नजर मोठी पक्की.

"मोठ्या सिस्टर, एक विचारू? रागवायचं नाही हं."

"विचार की."

"फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तुम्ही सकाळपाळीला आहात. रातपाळीलाही आहात. आणि इथं तुम्ही रजेवर आहात."

मोठ्या सिस्टरांनी चष्मा चढवून पाहिलं. खरंच, एकाच आठवड्यात त्यांनी स्वतःला तीन ठिकाणी लावलं होतं. एकोणीस वर्षांत दुसऱ्या कोणाच्या नावाची अशी गफलत त्यांच्या हातून झाली नव्हती.

"खोडरबर दे बघू," त्या म्हणाल्या आणि सवयीनं त्यांचं बोट आपल्या रजेच्या चौकोनावर गेलं.

खोडरबर शोधायला भिंगरीनं खण ओढला, तर आतून मागच्या वर्षांचे तक्ते बाहेर आले. ती ते उलगडून पाहायला लागली. "अय्या, हे काय? कागदाला भोकच पडलंय. याही वर्षी तिथंच! उंदीर आहे की काय खणात?"

उंदीर नव्हता. शेवटची ओळ त्यांची स्वतःची, आणि महिना फेब्रुवारी. दर वर्षी लिहून, खोडून, पुन्हा लिहून, पुन्हा खोडून तिथला कागद विरला होता, दोन तक्त्यांत तर फाटलाच होता. मोठ्या सिस्टर ते पाचही तक्ते पाहत राहिल्या. त्यांना लाज वाटली. आजवर त्या स्वतःशी म्हणत आल्या होत्या, की वेळ मिळत नाही. इथं तर वेळ दर वर्षी मिळालेला दिसत होता, आणि दर वर्षी त्यांनीच तो आपल्या हातानं पुसलेला दिसत होता.

त्यांनी खोडरबर घेतला आणि सकाळ-रात्र दोन्हीतलं आपलं नाव काढलं. आता त्या आठवड्यात माणूस कमी पडणार, म्हणजे कोणाला तरी नाही म्हणणं आलं. त्या आठवड्यात रजा असलेल्या परीक्षावालीला हात लावण्यात अर्थ नव्हता. उरली ती भिंगरी. तिनं त्याच आठवड्यात पोहायच्या शिबिरासाठी रजा मागितली होती.

"तुझं शिबिर यंदा जमायचं नाही," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

भिंगरीचा चेहरा उतरला. आपणच चूक दाखवली आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला! "बरं," एवढंच म्हणून तिनं लॉकर आपटला आणि ती वॉर्डात निघून गेली. मोठ्या सिस्टरांचा हात दोनदा कागदाकडे गेला, दोनदा परत आला. तिसऱ्यांदा जाण्याआधी त्या फोन घेऊन बाहेर जिन्यापाशी आल्या.

"अक्का, यंदा नक्की हं. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. लिहून ठेवलंय."

"फेब्रुवारीत? अगं चिमे, फेब्रुवारीत मी नाहीये."

"नाहीयेस म्हणजे?"

"समुद्रावर चाललेय, शेजारणीबरोबर. दहा दिवस. तिकिटंसुद्धा काढली. पाच वर्षं मागं लागलीय ती. मी आपली म्हणायची, फेब्रुवारीत नको बाई, माझी बहीण यायचीय. यंदा म्हटलं, नव्या वर्षात आपणही एखादी गोष्ट मनासारखी करावी."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मोठ्या सिस्टरांना सोपं गेलं असतं. रागावलेल्या माणसाची समजूत काढायची त्यांना सवय होती. पाचही वर्षं फेब्रुवारीत अक्का घर सोडून कुठं गेली नव्हती, आणि त्यांना ते आज कळत होतं. आता भिंगरीचं शिबिर वाचलं, हे त्यांच्या ध्यानात आलं, पण त्याचा आनंद झाला नाही. डोळे भरून आले. जिन्यावरून औषधांचं खोकं घेऊन कोणी वर येत होतं, म्हणून त्या भिंतीकडे वळल्या.

"मग तू सांग अक्का," त्या म्हणाल्या. "तुला कधी सोयीचं आहे?"

पलीकडे कॅलेंडरची पानं उलटल्याचा आवाज आला.

"एप्रिलचा दुसरा आठवडा. पण तेव्हा तुमच्या वॉर्डाची ती वर्षाची तपासणी असते ना?"

"असते."

"मग कशी येशील?"

"तपासणीला बाकीच्या आहेत. मी येते."

"ये. पलंग तयार ठेवते," अक्का म्हणाली. "शेजारणीला मात्र यंदा आधी सांगायची नाही मी. दर वर्षी तू येणार म्हणून सांगते, आणि तू आली नाहीस की महिनाभर तिच्यापुढं तुझी बाजू घेत बसते."