नवमीचं पान

“घाई न्हाई ताई, तुमचं चालू द्या.” एवढं म्हणून आबा माझ्या सेवा केंद्रातल्या बाकावर बसले की दोन तास उठत नसत. ताडकळसला बाजारच्या दिवशी सातबारा, पीकविमा, आधार यांची नुसती झुंबड. चुडाव्याहून आलेले आबा टोपी काढून गुडघ्यावर ठेवत आणि सगळ्यांना पुढे जाऊ देत. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याच्या गरीबपणाचाच आपल्याला राग येतो. मला तरी यायचा.

गर्दी ओसरली की ते पिशवीतून पत्र्याचा डबा काढत. त्यात त्यांच्या आईनं जपलेला कागद होता. अर्धा वाळवीनं खाल्लेला. इंग्रजीत टाइप केलेला एक नंबर आणि पलटणीचं नाव एवढंच शिल्लक. आबा तान्हे असताना बाप लढाईवर गेला तो परतलाच नाही. “त्येचं पत्र हाय,” म्हणत आईनं तो डबा देवापाशी ठेवला. जन्मात कुणाला वाचायला दिला नाही.

“मेला न्हाई ओ ताई. दुसरं घर केलं त्येनं तिकडं. पळपुटं माणूस.” आबा हे न चिडता सांगत. आईचंही तेच म्हणणं. बायका काही बोलल्या की ती म्हणायची, “टाकली म्हणा, पण रांड म्हणू नका.” साठी ओलांडून ती गेली तेव्हा कपाळभर कुंकू होतं. हिरव्या लुगड्यात तिला नेलं. तेव्हापासून पितृपक्षात तिचं पान अविधवा नवमीला, म्हणजे नवऱ्याआधी गेलेल्या बायकांच्या दिवशी. दर वर्षी सवाष्ण जेवू घालायची, तिची ओटी भरायची.

“मग आता त्यांना शोधून काय करायचं, आबा?” मी एकदा वैतागून विचारलं.

“तिकडं लेकरं असतील त्येला. त्येंनी पाणी घातलं का न्हाई, कुणाला ठावं. तिथ कळली तर मी घालतो. कसा बी असला तरी बाप हाय.”

मी त्या नंबराच्या मागे वर्षभर लागले. आबांच्या वडिलांची निजामाच्या काळातली शाळेची उर्दू नोंद एका वयस्कर मौलवींकडून वाचून घेतली. त्यातून आजोबांचं नाव कळलं, पुढे काही नाही. खरं सांगायचं तर मलाच आता त्या पळपुट्याला पकडायचं होतं. शेवटी दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या शिपायांच्या एका यादीत तो नंबर सापडला. नाव तेच. ब्रह्मदेशात मृत्यू, पुढे तारीख. खाली बायकोचं नाव, गाव चुडावा.

मी मूर्ख, मला आनंद झाला. आबा येताच सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं.

“मी केवढा होतो तवा?” त्यांनी विचारलं.

“अकरा महिन्यांचे.”

“म्हंजी यायलाच मिळालं न्हाई त्येला.” त्यांनी गुडघ्यावरची टोपी उचलली. मग टोपीनंच डोळे पुसले. “आन् मी जलमभर शिव्या घातल्या.”

तारखेवरून तिथी काढून मी कागदावर लिहायला लागले, तर त्यांनी माझा हात धरला. “थांबा ताई. मंग आई?”

मला लगेच उमगलं नाही. बापाचा दिवस घालायचा म्हणजे भटजींना, भावकीला तिथी सांगावी लागणार. सांगितली की आई चाळीस वर्षांहून जास्त विधवा ठरणार. तिचं कुंकू खोटं, हिरवं लुगडं खोटं आणि नवमीही गेली. बापाला पाणी द्यायचं तर आईचं पान उचलायचं.

“कुणाला सांगू नका,” आबा म्हणाले. “तिचं कुकू पुसायला न्हाई आलो मी.” मी छापून दिलेला कागद त्यांनी डब्यात घातला. आधीचा, वाळवीनं खाल्लेला कागद म्हणजे पलटणीनं धाडलेली मृत्यूची खबर होती, ते तुम्हीही ओळखलं असेल. आईनं ओळखलं होतं का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

त्या भाद्रपदात ते स्वतः सांगायला आले. “नवमीला जेवाया या ताई. सवाष्ण म्हणून.” मी गेले. सुनेनं ओटी भरली, पान वाढलं. मी नुसता भात चिवडत बसले. आबा दाराशी उभे होते. “खावा ताई, घाई न्हाई.” निघताना मी हळूच वडिलांचं विचारलं. “सर्वपित्रीला सगळ्यांसंगं घालतो. नाव घेत न्हाई. त्यो समजून घील.”

आबा उन्हाळ्यात गेले. मृत्यूच्या दाखल्यासाठी सून आली, हातात तोच डबा. “मामांजी म्हणले, ह्यो ताईलाच द्या. त्येंच्या बापाचा काय पत्ता लागला व्हता का ओ?”

“नाही,” मी म्हणाले. “काहीच लागला नाही.”

“मंग नवमीला तुमीच या.”

अर्जात वडिलांचं नाव विचारतात. मी ते टाइप केलं आणि रडू आवरेना. त्या माणसाची तिथी आता मला एकटीला ठाऊक आहे आणि मी त्याची कुणीच नाही. डबा माझ्या कपाटात आहे. नवमीला मी जाणार आहे, ओटी भरून घेणार आहे आणि त्याच्या बायकोच्या पानावर पोटभर जेवणार आहे.