हातावरचा डोंगर

लेकीकडे ऑस्ट्रियात आल्यापासून सकाळचा चहा मी खिडकीशी घेते. समोरच्या अंगणात शेजारी उभा असतो. साठीचा माणूस, डोळे मिटलेले, गुडघे किंचित वाकलेले. त्याचा उजवा तळहात हवेत मासोळीसारखा वळत वळत खाली येतो आणि मधेच एका जागी थबकतो. मग तो डोळे उघडून घरात जातो.

"आई, तो स्कीच्या शर्यती करायचा. सगळ्यात वेगाच्या," लेक म्हणाली. "वरून सुटायच्या आधी सगळे असंच करतात. अख्खा उतार हातावर पाठ करतात, कारण उतरताना विचाराला वेळच नसतो."

"आणि हात थबकतो तिथं?"

"तिथं पडला तो. गुडघा गेला, पुन्हा कधी शर्यत केली नाही."

आता त्याला कुठं उतरायचंय, असं विचारणार होते, विचारलं नाही. हे गेले त्याला चार वर्षं झाली, तरी मीही मनातल्या मनात त्या हॉस्पिटलचा जिना चढते आणि यांच्या खोलीच्या दाराशी थांबते. त्या दिवशी मला पोचायला उशीर झाला होता.

आज त्याचा हात त्या वळणावर थबकला नाही. पार खाली आला. त्यानं डोळे उघडले आणि मान वर करून पाहिलं. शर्यत संपली की सगळे वेळेच्या फलकाकडे असंच बघतात, टीव्हीवर पाहिलंय मी.

तिथं फक्त माझी खिडकी होती. मी कप खाली ठेवला आणि हात वर केला.